छंद कोणाचा, विटाळ कोणाचा?

कातड्यावर फुलवेल कोरण्याची कला आज सुशिक्षित घरांतून छंद म्हणून शिकली जाऊ लागली आहे. सुटीच्या दिवशी शुल्क भरून लोक ही विद्या शिकतात. पैशाचे पाकीट, कमरेचा पट्टा, वहीचे वेष्टन यांवर नक्षी उठवितात, आणि आपल्या हातची वस्तू पाहुण्यांस अभिमानाने दाखवितात. आमचा आक्षेप या छंदावर नाही. हाताने काम करण्याची लाज ज्या समाजाने हजारो वर्षे बाळगली, त्याची मुले हाती मोगरी घेत असतील तर ती चांगलीच गोष्ट होय. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या कातड्याच्या स्पर्शाने एकजण कलावंत ठरतो, त्याच कातड्याच्या स्पर्शाने दुसऱ्याच्या पिढ्यान् पिढ्या विटाळल्या कशा?

या प्रश्नाला दोन बाजूंनी दोन उत्तरे मिळतात. छंद करणारा म्हणतो, "आता आम्हीही कातडे हाताळतो, तेव्हा कातड्याचा कलंक गेला, जुने उकरून काढू नका." आमच्यातील काही बांधव म्हणतात, "ज्या घाणीतून बाबासाहेबांनी आम्हांस बाहेर काढले तिला बौद्धाच्या मुलाने छंद म्हणूनही शिवू नये." दोन्ही उत्तरे परस्परविरुद्ध दिसतात, पण दोहोंची चूक एकच आहे. दोघेही कातड्याकडे पाहतात, सक्तीकडे पाहत नाहीत.

प्रथम या कलेची रीत पाहू. कातडे आधी पाण्याने ओलावून त्याचा मूळ रंग परत येऊ लागेपर्यंत थांबावे लागते. फार ओल्या कातड्यावर नक्षी बुजते. फार कोरड्यावर ठसा उठत नाही. मग ते गुळगुळीत दगडी फरशीवर ठेवून, बोट टेकवून फिरविता येणाऱ्या माथ्याच्या सुरीने आकृतीची रेघ कापावयाची; तीही आरपार नव्हे, जाडीच्या निम्म्याहून अधिक खोल नव्हे. नंतर रेघेच्या एका अंगास पोलादी ठसा धरून लाकडी मोगरीने हलके ठोके द्यावयाचे, म्हणजे ती बाजू दबते आणि पाकळी वर उचलल्यासारखी दिसते. शिरा, छाया, बी, पार्श्वभूमी यांचे ठसे निरनिराळे. शेवटी रंग द्यावयाचा आणि कडा घासून गुळगुळीत करावयाच्या.

परंतु हे सर्व कोणत्याही कातड्यावर होत नाही. क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले कातडे ठसा धरून ठेवीत नाही. नक्षी टिकते ती झाडाच्या सालीत व फळांच्या अर्कात कमावलेल्या कातड्यावर. आमच्या भागात त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरीत आले आहेत, आणि त्या कामास आठवडेच्या आठवडे लागतात. चुन्याच्या पाण्याने केस सुटे करणे, मांस खरवडणे, सालीच्या पाण्यात कातडे पुनःपुन्हा बुडविणे व काढणे, हे कोणी तरी केलेले असते. म्हणूनच छंद करणाऱ्याच्या सुरीखाली गुलाब उमलतो. तो विकत घेतो ते कोरडे, स्वच्छ, गुंडाळी केलेले कातडे. दुर्गंधी मात्र दुसऱ्याच्या अंगणात राहते.

हा छंद आजच्या रूपात वाढला तो अमेरिकेत. स्पेन आणि मेक्सिको यांच्या खोगिरांवरील फुलवेलीची परंपरा तेथील गुराख्यांच्या खोगिरांवर आली. वायोमिंग राज्यातील शेरिडन गावी डॉन किंग या खोगीरकाराने वर्तुळाकार वेलीत लहान फुले गुंफण्याची जी धाटणी बसविली, ती त्या गावाच्याच नावाने प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णालयात मन व हात रमविण्यासाठी चर्मकाम शिकविले गेले. युद्धानंतर टेक्सासच्या टँडी कंपनीने हत्यारे व कातडे घरोघर पोहोचविले, आणि ॲल स्टोलमन (१९१९–१९९८) यांच्या पुस्तकांनी हजारो लोकांना ही विद्या घरबसल्या शिकविली. त्या देशात वर्णद्वेष नव्हता, असे कोण म्हणेल? परंतु खोगीरकाराच्या मुलाने खोगीरच शिवावे आणि त्याच्या हातचे पाणी कोणी पिऊ नये, असा दंडक तेथे नव्हता. म्हणून तेथे चर्मकाम धंद्यातून छंदात सहज उतरले, आणि ज्याने ते सोडले त्याला कोणी जाब विचारला नाही.

आमच्याकडे काय होते? मेलेले जनावर ओढावयाचे महाराने, कातडे कमावावयाचे ढोराने, वहाण शिवावयाची चांभाराने. आणि या तिघांनीही एकमेकांशी रोटीबेटीचा व्यवहार करावयाचा नाही! एकाच कातड्याचे तीन टप्पे आणि तीन जाती, त्याही उतरत्या पायरीच्या. जातिव्यवस्था केवळ कामे वाटीत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. त्याचा पुरावा हवा असेल तर वहाणेकडे पाहावे.

छंदाने कलंक धुतला जातो म्हणणाऱ्यांनी शांतिनिकेतनचे उदाहरण घ्यावे. १९२२ साली स्थापन झालेल्या श्रीनिकेतनात रथींद्रनाथ ठाकूर व प्रतिमादेवी यांच्या पुढाकाराने शोभिवंत चर्मकाम सुरू झाले. रंगीत ठशांच्या त्या बटव्यांना पुढे देशभर मान मिळाला. म्हणजे भद्र घरांत कातडे शिरून शंभर वर्षे होत आली. पण ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यातील मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलितांना झोडपून काढण्यात आले, आणि उना शहरात त्यांची धिंड काढून त्यांना पुन्हा मारण्यात आले. दिवाणखान्यातील बटव्याची प्रतिष्ठा त्यांच्या पाठीवरचा एक वळ तरी चुकवू शकली काय? त्या कुटुंबाने २०१८ च्या एप्रिलमध्ये बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांना सोडावयाचे होते ते कातडे नव्हे. कातड्यावरून माणसाची पायरी ठरविणारा धर्म त्यांनी सोडला.

आता आमच्या बांधवांकडे वळू. मार्च १९२७ मध्ये महाडास मृत जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे सांगितले गेले. का? कातडे स्वभावतःच अपवित्र आहे म्हणून? मुळीच नाही. ते काम वतनाच्या दोरीने गळ्यात बांधलेले होते म्हणून. हीच दोरी कापण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ती दोरी कायद्याने तुटली १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याने. कातड्यालाच अपवित्र मानून दूर पळणे म्हणजे वतन सोडून वतनदाराचा विटाळ तेवढा जवळ ठेवणे होय.

धम्माचा आधार पाहावा. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार भगवंतांनी सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. त्यांत चर्मकाम नाही. विनयपिटकातील महावग्गात तर चर्माच्या नावाचा स्वतंत्र खंध आहे. त्यात भिक्षूंना साध्या एकपदरी वहाणांची अनुज्ञा आहे आणि नटव्या, रंगीबेरंगी वहाणांची मनाई आहे. पण ती मनाई भिक्षूच्या साधेपणासाठी. चर्मकाराला हीन ठरविण्यासाठी नव्हे.

तेव्हा कसोटी कोणती? वकिलाच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्या कामास नकार देता येतो ते कौशल्य. ज्यास नकार देता येत नाही ती वेठ. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९ व्याने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले, २३ व्याने वेठबिगारीस मनाई केली. नागरी हक्क संरक्षण कायद्यात १९७६ साली घातलेले कलम ७-अ याहून स्पष्ट आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास मेलेले जनावर हलविण्यास किंवा सोलण्यास भाग पाडणे हा गुन्हा आहे. त्यास तीन ते सहा महिने कारावास व दंडही आहे. बहिष्काराची धमकी हीसुद्धा सक्तीच, असा खुलासा त्याच कलमात आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने हाच प्रकार अधिक गंभीर गुन्हा ठरविला. हे कलम किती तरुणांस ठाऊक आहे? नक्षीचे ठसे पाठ करण्याआधी हे पाठ करा.

या कसोटीवरून आमच्या मागण्या निघतात. पहिली, कला शिकण्याचे दार सर्वांस उघडे असावे आणि ती सोडण्याचेही. "तुमच्या रक्तातच ही कला आहे" असे म्हणून आमच्या मुलास चर्मकामाकडे आणि दुसऱ्याच्या मुलास संगणकाकडे धाडणारी प्रत्येक योजना ही वतनाची नवी सनद होय. काम थोर आहे, म्हणून जन्मभर तेच करा, हा उपदेशही आम्हांस नको. त्या उपदेशाचा समाचार बाबासाहेबांनी १९४५ सालीच घेतला आहे. दुसरी, जेथे ही विद्या शुल्क घेऊन शिकविली जाते तेथे कमावणारा व शिवणारा कारागीर गुरूच्या आसनावर बसावा आणि त्यास गुरूचे वेतन मिळावे. आरी व रापी ज्याच्या हातात मुरली, त्याने केवळ कातडे पुरवावे आणि विद्या दुसऱ्याने विकावी, हा न्याय नव्हे. तिसरी, वस्तूवर कर्त्याचे नाव असावे. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने तशाच वहाणा मिरविल्या, त्या मूळ कारागिरांच्या उल्लेखाशिवाय. ओरड झाल्यावर मूळ भारतीय असल्याचे तिने मान्य केले. ओरड योग्यच होती. पण त्या चपलेची वेणी गुंफणाऱ्या बाईचे नाव आमच्या देशातील कोणत्या दुकानाने कधी लिहिले, हेही ओरडणाऱ्यांनी सांगावे.

छंद करणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच: सुरी जरूर हाती घ्या. परंतु कातड्याची गुंडाळी उलगडताना ते कोणी सोलले, कोणी कमावले, आणि तो माणूस तुमच्या घरी तुमच्या शेजारी बसून चहा पिऊ शकतो काय, हे स्वतःस विचारा. त्याचे उत्तर "होय" असेल, तरच तुमच्या घरातील कलंक गेला असे म्हणण्याचा अधिकार तुम्हांस आहे.

आणि आमच्या तरुणांनो, तुमच्यापैकी कोणास कातड्यावर कमळ कोरावेसे वाटले तर खुशाल कोरा. कोणास त्याकडे ढुंकूनही पाहावेसे वाटत नसेल तर पाहू नका. तुमच्या आजोबांस या दोहोंपैकी एकही गोष्ट ठरविता येत नव्हती. ती ठरविण्याचा अधिकार चळवळीने मिळविला आहे. तो अधिकार कोणाच्या कौतुकाला भुलून किंवा कोणाच्या तिरस्काराला भिऊन परत देऊ नका.