खिशात मावणारे संरक्षण

छत्रपती संभाजीनगरात प्रतिष्ठेच्या खुणा बदलल्या आहेत. एके काळी दारात जीप उभी राहिली की माणूस मोठा झाला, असे लोक समजत. आता बीड बायपासपासून पडेगावपर्यंत जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्याकडे, सरकारी कामांचे ठेके घेणाऱ्याकडे आणि या दोघांच्या आगेमागे वावरणाऱ्या पुढाऱ्याकडे पांढरी गाडी असतेच. वेगळेपण दाखवायचे तर कमरेला काहीतरी हवे. ते सदऱ्याखाली झाकून ठेवायचे; पण बसता-उठता सदऱ्याची कड वर सरकून समोरच्याला त्याचा दस्ता दिसेल, अशा बेताने झाकायचे. कायद्याच्या भाषेत याला स्वसंरक्षण म्हणतात.

या मंडळींच्या बैठकीत निवडीची चर्चा मोठ्या गांभीर्याने चालते. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल भारतात सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, म्हणून उरते ते मुख्यतः बत्तीस बोअर. त्यात रिव्हॉल्व्हर घ्यावे तर यंत्रणा साधी आणि भरवशाची, पण गोळ्यांच्या चक्रामुळे कमरेला फुगवटा येतो. पिस्तूल चपटे असते, गोळ्यांचे मॅगझिन मुठीतच बसते, खिशात ठेवले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. परदेशी शस्त्रांची खाजगी आयात १९८० च्या दशकात जवळजवळ बंद झाल्यामुळे कोणाच्या तरी आजोबांचे जुने वाल्थर किंवा वेब्ली अँड स्कॉट आज काही लाख रुपयांना हात बदलते. ज्याला ते परवडत नाही तो सरकारी शस्त्र कारखान्यांच्या मालाकडे वळतो. त्या कारखान्यांनीही ग्राहकाची नाडी ओळखली आहे. २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आले, २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले.

या चर्चेत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. शस्त्र जितके लहान, तितके ते चालवणे कठीण. नळी आखूड असते, नेम धरण्याच्या दोन खुणा एकमेकींच्या फार जवळ असतात. हाताच्या किंचित चुकीने दहा पावलांवरची गोळी भलतीकडे जाते. वजन कमी म्हणून झटका अधिक बसतो आणि दुसरी गोळी पहिलीहून वाईट जाते. म्हणजे खिशातले पिस्तूल ज्याला खरोखर स्वसंरक्षणासाठी वापरायचे आहे, त्याने इतर कोणाहीपेक्षा अधिक सराव केला पाहिजे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जदाराला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सक्तीचे केले, ते याच कारणाने. प्रमाणपत्र मिळते, अर्जाला जोडले जाते, आणि तेथेच सराव संपतो. आयुष्यात पंचवीस गोळ्याही न झाडलेला माणूस गर्दीच्या गुलमंडीतून भरलेले शस्त्र घेऊन फिरत असेल, तर त्याच्यापासून आजूबाजूच्यांचे संरक्षण कोणी करायचे?

नेमबाजीची शिस्त काय असते हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून रायफलचे कांस्यपदक घेऊन आला. या खेळाडूंनी वर्षानुवर्षे एकच पाठ गिरवला: नळी सदैव सुरक्षित दिशेला, आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. खेळाचे पिस्तूल खिशात मावत नाही, त्याला खिशात मावायचेही नसते. दहा मीटर एअर पिस्तुलाने या खेळाची सुरुवात होते. कोणाला नेमबाजीची खरी आवड असेल तर त्याने तेथे जाऊन उभे राहावे. ती जागा पोरे घडवते. परंतु ‘सरावासाठी हवे’ असे अर्जात लिहून कमरेला लावण्यासाठी पिस्तूल घेणाऱ्याचा या खेळाशी काडीचाही संबंध नाही.

सरावाशिवायच्या शस्त्राचे काय होते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत एका नामवंत अभिनेत्याच्या, जे माजी खासदारही आहेत, परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून घरातच गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. ते बचावले हे चांगलेच झाले. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालून खून झाला. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते. परवाना अंगरक्षकाचा, बोट दुसऱ्याचे. त्याच्या सहाच दिवस आधी उल्हासनगरात एका पोलीस ठाण्यात, निरीक्षकाच्या दालनात, सत्ताधारी पक्षाच्या तत्कालीन आमदाराने मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. पोलीस ठाण्याच्या आत, पोलिसांच्या समक्ष ज्यांना पिस्तुलाची गरज भासते, त्यांना नेमके कोणापासून संरक्षण हवे असते?

कायदा काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे, कारण कायदा या मंडळींच्या समजुतीहून शहाणा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम दोन प्रकारच्या शस्त्रांत फरक करते. वीस इंचांहून कमी नळी नसलेली साधी बंदूक नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल तर कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची ‘सबळ कारण’ आहे अशी खात्री व्हावी लागते. शेताच्या बांधावर खांद्याला अडकवलेली लांब बंदूक सर्वांना दिसते; कापडाआडचे पिस्तूल दिसत नाही, हा भेद विधिमंडळाच्या ध्यानात होता. आणखी एक कलम विशेष आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कोणाला परवाना नाकारता येणार नाही, असे चौदावे कलम बजावते. कागदावर झोपडपट्टीतील मजूर आणि बंगल्यातील बिल्डर समान आहेत. कायद्याने मनाई केलेली मालमत्तेची अट बाजाराने मात्र न बोलता लावून टाकली आहे.

याचा ढळढळीत पुरावा ‘निर्भीक’. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराने देश हादरला. रस्त्यावर उतरलेल्या मुलींची मागणी होती सुरक्षित वाहतुकीची, तत्पर पोलिसांची, जलद न्यायाची. सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये त्यांना दिले अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर, दागिन्यांच्या डबीसारख्या गडद लाल पेटीत घालून. किंमत १,२२,३६० रुपये. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या बाईने त्या वेळी वर्षभराचा पगार बाजूला काढला असता तरी तो पुरला असता की नाही, शंकाच आहे. तिला हवा होता कारखान्याच्या फाटकापासून घरापर्यंत पेटलेला दिवा आणि वेळेवर येणारी बस. त्या मृत मुलीचे टोपणनाव उलटसुलट करून शस्त्राला देताना कोणालाही संकोच वाटला नाही.

मग हे ‘सबळ कारण’ मराठवाड्यात कोणाला सापडते? उत्तर बीडने दिले. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना मरेपर्यंत मारण्यात आले. पवनचक्की कंपनीकडून मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. देशमुखांना गोळी लागली नव्हती. परंतु त्या खुनानंतर जिल्ह्यातील दहशतीचा एकेक पापुद्रा निघू लागला, तसे कमरेला पिस्तूल लावलेल्या, हवेत बार काढणाऱ्या तरुणांची चित्रणे घरोघर पोहोचली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे मांडले: बीड जिल्ह्यात १,२२२ शस्त्र परवाने, शेजारच्या परभणीत ३२. दोन्ही जिल्ह्यांत माणसे तीच, पिके तीच, दुष्काळही तोच. मग बीडचा जीव परभणीच्या जिवाहून जवळजवळ चाळीसपट धोक्यात होता, असे मानायचे काय?

गदारोळ झाल्यावर प्रशासनाने फेरतपासणी केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द केले. त्यांत गुन्हे दाखल असलेले लोक होते. याबद्दल प्रशासनाचे अभिनंदन करणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. हे परवाने आकाशातून पडले नव्हते. प्रत्येक अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवणे कायद्याने बंधनकारक आहे. अहवाल आला, कागद टेबलावरून टेबलावर सरकला, सही झाली. एका सरपंचाचा जीव जाईपर्यंत त्या फायली पुन्हा उघडाव्यात असे कोणाला वाटले नाही. कायद्यातील एक चमत्कारिक उणीव येथे कामास येते. परवाना नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याला त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात; दिला, तर ते ‘सबळ कारण’ जनतेला कळवण्याचे बंधन नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली आणि समारंभात बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठरवले. हे ठीक झाले. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदतही तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. म्हणजे एकदा झालेली सही आता अधिक काळ निश्चिंत झोपू शकते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. समाजवादी परंपरेतूनच तो येतो, म्हणून त्याला बगल देता येत नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि राष्ट्रसभेने त्याविरुद्ध १८८७ पासून आवाज उठवला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झालेले हरी विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्याच ठरावाची आठवण देऊन हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. कामतांसमोर परकीय सत्तेने निःशस्त्र केलेला एक सबंध समाज होता, आणि त्यांची तळमळ खोटी नव्हती. परंतु समाज सपाट नसतो. ज्या देशात जमीन, जात आणि पोलीस ठाणे एकाच बाजूला उभी असतात, तेथे शस्त्राचा सार्वत्रिक हक्क प्रथम कोणाच्या हाती जाईल, हे बाबासाहेबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मराठवाड्याने तर रझाकारांच्या रूपाने खाजगी शस्त्रबळ काय करते ते नुकतेच, सप्टेंबर १९४८ पर्यंत, सोसले होते.

आणि ३० वर्षांनंतर पुन्हा सोसले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. त्या जाळायला पिस्तूल लागले नाही, रॉकेल आणि काडेपेटी पुरली. त्या वस्त्यांतील किती जणांना त्या वेळी ‘जिवाला गंभीर धोका’ होता? त्यांच्यापैकी कोणाच्या अर्जावर सही झाली असती?

विशेष म्हणजे या प्रश्नाचे उत्तर देशाच्या कायद्यात आहे आणि ते कोणी वाचत नाही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम सांगतो की, जेथे अत्याचाराची शक्यता आहे अशा भागात या समाजांबाहेरच्या व्यक्तींचे, गरज पडल्यास त्यांच्या नातलगांचे व नोकरांचेही, शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. बलवानाच्या हातातले आधी काढून घ्या, मग दुर्बलाचा विचार करा, असा हा क्रम आहे. मराठवाड्याच्या गावागावांत बौद्ध वस्तीवरील हल्ल्याची बातमी येते तेव्हा जिल्हाधिकारी भेट देतात, मदतीचा धनादेश देतात, शांतता समितीची बैठक होते. त्या गावातील परवानाधारकांची यादी मागवून तिसरा नियम लावला, असे वर्तमानपत्रात वाचल्याचे कितीजणांना आठवते?

तेव्हा कोणते पिस्तूल खिशात सोपे बसते, हा प्रश्न बैठकीतल्यांनी खुशाल चघळावा. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाने देतात. त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा आहे. छत्रपती संभाजीनगर शहरात आणि जिल्ह्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे परवाने किती, ते कोणत्या व्यवसायातील लोकांना दिले, प्रत्येकाचे ‘सबळ कारण’ कोणते आणि त्यांच्यापैकी कितीजणांवर गुन्हे दाखल आहेत, हे बीडसारखा एखादा मुडदा पडण्याची वाट न पाहता जाहीर व्हावे. जागेचे व्यवहार आणि ठेकेदारी एवढेच ज्यांच्या जिवाच्या धोक्याचे कारण आहे, त्यांचे परवाने प्रथम तपासावेत.

त्याबरोबर आणखी एक आकडा द्यावा. निवडणूक जाहीर झाली की तपासणी समिती बसते, आणि बँकांचे पहारेकरी, नेमबाज खेळाडू असे अपवाद वगळून अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलिसांकडे जमा करून पावती घ्यावी लागते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. ज्यांच्या जिवाला पिस्तुलाशिवाय क्षणभरही भरवसा नाही, अशी ही मंडळी त्या वर्षी आठवडेच्या आठवडे निःशस्त्र हिंडत होती, सभांना जात होती, जमिनींचे सौदेही करत होती. त्या काळात शस्त्र जमा केलेल्या किती परवानाधारकांवर प्राणघातक हल्ले झाले?