झोळी आम्ही वाहू, हिशोब सरकारने द्यावा



यंदा आवणीच्या दिवसांत आमच्या पाड्यातली एक बाई पहाटे उठली ती पोट दुखतंय म्हणत. रात्री जमिनीवर झोपलेली. अंगावर सूज नाही, डाग नाही. कोणी म्हणालं अपचन, कोणी म्हणालं बाहेरचं. भगताकडं दोन तास गेले. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या तेव्हा झोळी बांधायला धावलो, तर एका घरी बांबू, दुसऱ्या घरी घोंगडी, दोर कुठंच नाही. उचलायला माणसं गोळा करण्यात अर्धा तास. वहाळ भरलेला म्हणून वरच्या बाजूने वळसा, त्यात दीड तास. रस्त्यावर पोचल्यावर १०८ ला फोन लावला आणि गाडीची तासभर वाट पाहिली. बाई दवाखान्याच्या दारातच वारली. मण्यार चावली होती.

नंतर आम्ही बसून त्या सकाळचा हिशोब केला. एकूण पाच तास. त्यातला दीड तास रस्ता नसल्याचा, म्हणजे सरकारचा. उरलेले साडेतीन तास आमचे. गाडी उशिरा आली हेही खरं, पण फोनच उशिरा केला होता. रेंज येते त्या टेकडीवर एक पोरगा आधी पळाला असता तर गाडी आमच्या आधी येऊन उभी राहिली असती. हे लिहायला जड जातं. पण ज्या संघटनेला सरकारला जाब विचारायचा आहे तिने आधी आपल्या साडेतीन तासांचा जाब द्यावा.

म्हणून पाड्यात तातडीची टोळी उभी केली. बैठकीत पहिला आक्षेप आपल्याच जुन्या कार्यकर्त्यांनी घेतला. म्हणाले, "हे सरकारचं काम. आपण हमाली केली तर उद्या साहेब म्हणतील, तुमचं चालतंय की, रस्ता कशाला?" बोलणं खोटं नाही. फुकटात करणारा दिसला की सरकार त्याच्यावरच काम ढकलतं, हे आशाताईंना विचारा. पण याचं उत्तर पेशंटला घरात ठेवणं नाही. माणूस मरू देऊन मोर्चा मोठा होत नाही. उत्तर आहे वही.

टोळीतला एक जण फक्त वही सांभाळतो. त्रास कधी सुरू झाला, पाड्यातून कधी निघालो, रस्त्याला कधी लागलो, फोन कितीला, गाडी कितीला, डॉक्टरांनी कधी पाहिलं, औषध होतं की नव्हतं. प्रत्येक फेरीची नक्कल तहसील कचेरीत द्यायची आणि शिक्क्याची पोच घ्यायची. वनपट्ट्यांच्या दाव्यांत आपण शिकलो, कागद नाही तर माणूस नाही. मग झोळीचाही कागद होऊ द्या.

आणि रस्ता मागायचा तो हात जोडून नव्हे. एका टेबलावर सांगतात जंगल आहे, दुसऱ्यावर सांगतात निधी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. रस्ता, दवाखाना, शाळा अशा गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. ग्रामसभेची शिफारस हवी, दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आमची वाट तीन किलोमीटर. तीन मीटर रुंद धरली तर नऊ हजार चौरस मीटर होतात, हेक्टर असतो दहा हजारांचा. बसतो रस्ता कायद्यात! ठरावाला वहीची पानं जोडा, मग बघू कोणतं टेबल काय सांगतं.

आता टोळीचं. आमच्यात चौदा जण आहेत, त्यात पाच बाया. बाळंतीण न्यायची तर बाई सोबत हवीच. वाहणारे आठ, चार-चार जणांनी बदलत जायचं. दोन पोरं टेकडीवर पळणारी. सामान एकाच घरी टांगलेलं: दोन बांबू, दोर, घोंगडी, ताडपत्री, बॅटरी. खर्चाला दर घरामागं पायलीभर भात. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पाड्यात येऊन एक दिवस शिकवावं असा अर्ज दिला, दोनदा दिला, तिसऱ्यांदा पन्नास जण घेऊन गेलो तेव्हा ते आले.

शिकलो ते सांगतो. साप चावला की माणसाला चालवायचं नाही, निजवायचं. चावला तो हात-पाय बांबूच्या कामटीला मोडक्या हाडासारखा हलू नये असा धरायचा, पण आवळायचा नाही. कापणं नाही, चोखणं नाही, पाला नाही. बांगड्या, जोडवी आधी काढा, सूज आली की निघत नाहीत. साप मारत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींवर एकच इंजेक्शन चालतं. झाडावरून पडलेल्याला मात्र झोळीत घालू नका, पाठ वाकते. दार काढा, फळी घ्या. अडलेल्या बाळंतिणीची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची गाडी तिला फुकट आहे, २०११ पासून तसा कार्यक्रमच आहे.

भगताशी आम्ही भांडलो नाही. बरेच साप बिनविषारी असतात, विषारीसुद्धा कधी कोरडा चावा घेतो. ते पेशंट बरे होणारच, नाव मात्र मंत्राचं होतं. मण्यारीचं तसं नाही. आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, बाबा, मंत्र म्हणा, पण झोळीबरोबर चालता चालता म्हणा. ते आता टोळीत आहेत. वाट त्यांना अंधारातही दिसते, हे कबूल करायला हवं.

दिवाळीआधी दर पाड्याने आपल्या टोळीची नावं आणि वहीचं पहिलं पान घेऊन बैठकीला यावं. पहिलं पान कोरं असलं तरी चालेल. आणि झोळीचा बांबू तोडताना गार्ड आडवा आला तर सांगा, त्याच कायद्यात बांबू गौण वनोपजात लिहिलाय, आणि त्याचं नाव, वेळ वहीत टाका.