ओपलची अंगठी ओट्यापाशी नको!

आमच्या मूर्तिजापुरातल्या शेजारच्या वहिनी परवा अंगठी घेऊन आल्या, चेहरा अगदी उतरलेला. शुक्रासाठी म्हणून हौसेनं घेतलेला ओपल, त्यातले रंगच गेले! "ताई, ग्रह तर कोपला नाही ना?" अहो, ग्रह कसला, भांडी घासणं भोवलं!

ओपल म्हणजे वाळूतली सिलिकाच, पण पोटात पाणी धरलेली. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे सारख्या ओळींत बसले की उजेड फुटून रंग नाचतात. आपल्या काळ्या मातीखालच्या खडकाच्या पोकळ्यांतही सिलिका साचते. तिचा अकीक होतो, कुठे बिनरंगी ओपलही. गोळ्यांची ओळच जमत नाही, मग रंग कुठून येणार?

रंगीत खडे येतात ते ऑस्ट्रेलियातून, नाहीतर इथिओपियातून. इथिओपियात २००८ साली सापडलेल्या खाणींतला ओपल स्वस्त पडतो, पण मेला पाणी पितो! भिजला की काचेसारखा होऊन रंग लपतात. सावलीत ठेवला तर काही दिवसांत परततात. उन्हात मात्र ठेवू नका, तडा जाईल. आणि आपलं वऱ्हाडातलं ऊन तुम्हांला सांगायला नको! तेल-हळद आत मुरली, तर डाग निघेलच असं नाही.

घेताना खडा कडेनं बघा, बरं का. सरळ रेघ दिसली तर वरची पातळ चकती खाली चिकटवलेली समजा. किंमतही तशीच द्या.

वहिनींचे रंग आठ दिवसांत परतले. थोडी पिवळट झाक राहिलीच. आता कणीक मळायच्या आधी अंगठी डबीत जाते.