साथ रोखणारा साधा प्रश्न

तापाचा रुग्ण आला की मी हमखास विचारतो, "गेल्या तीन आठवड्यांत कुठे प्रवास झाला का?" काहींना ही नसती चौकशी वाटते. पण याच्या खऱ्या उत्तरावर पुढे अनेकांचे जीव अवलंबून असू शकतात.

पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ आठवा. डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतल्या एका खेड्यात ती सुरू झाली. निदान व्हायला मार्च २०१४ उजाडला. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ती थेट ८ ऑगस्टला! तोपर्यंत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये आजार हाताबाहेर गेला होता. शेवटी २८ हजारांहून जास्त लोकांना लागण झाली आणि ११ हजारांहून जास्त दगावले. परदेशी पथके आली, पैसा आला, पण उशिरा.

आता नायजेरिया पाहा. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक आजारी प्रवासी लागोसच्या रुग्णालयात दाखल झाला. इबोलाच्या रुग्णाशी संपर्क आल्याचे त्याने नाकारले. आधी मलेरिया समजून उपचार झाले. डॉ. अमेयो अडाडेवोह यांना मात्र शंका आली. त्यांनी इबोलाची तपासणी करायला लावली आणि दबाव येऊनही रुग्णाला सोडले नाही. पुढे पोलिओ मोहिमेतली अनुभवी माणसे कामाला लागली. संपर्कात आलेल्या सुमारे ९०० जणांवर प्रत्येकी २१ दिवस नजर ठेवली गेली, कारण लागण झाल्यावर लक्षणे दिसायला इतका काळ लागू शकतो. एकूण रुग्ण २०, मृत्यू ८. २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. त्या आठ जणांत डॉ. अडाडेवोहही होत्या.

नायजेरियाला सुरुवातीचा रुग्ण लवकर सापडला, हे खरे. पण तो सापडला, कारण कुणीतरी शंका घेतली, आणि पुढचे काम करणारी माणसे आधीपासून तयार होती.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: श्रीमंत देशांनी साथ पेटल्यावर नव्हे, तर साथ नसताना गरीब देशांतल्या प्रयोगशाळा, परिचारिका आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेवकांवर पैसा खर्च करावा. विषाणूला पासपोर्ट लागत नाही.

आणि तुम्ही? डॉक्टरांनी प्रवासाबद्दल विचारले तर काहीही न लपवता सांगा. एवढे तर आपल्या हातात आहे.