पोलादाची आयात आणि संरक्षणाचे धनी

पोलादाच्या आयातीवरून गेली दोन-तीन वर्षे अर्थविषयक वृत्तपत्रांतून मोठा ओरडा चालू आहे. हा विषय आपला नाही असे समजून आपले बहुतेक वाचक ते पान उलटतात. (बजेटच्या दिवशीही आपण मागासवर्गीयांसाठीची तरतूद तेवढी पाहतो आणि सीमाशुल्काचा भाग भांडवलदारांसाठी सोडून देतो, ही आपली जुनी खोड आहे.) परंतु ज्यांनी 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लिहिला, त्यांच्या अनुयायांना तरी हा विषय परका असू नये.

आधी आकडे पाहू. २०२२-२३ साली भारत आयातीपेक्षा अधिक तयार पोलाद निर्यात करीत होता. २०२३-२४ मध्ये चित्र पालटले. आयात सुमारे ८३ लाख टन, तर निर्यात ७५ लाख टन. २०२४-२५ मध्ये आयात ९५ लाख टनांवर गेली आणि निर्यात ५० लाखांच्याही खाली घसरली. जगात पोलाद उत्पादनात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या देशाची ही अवस्था!

कारण चीनमध्ये आहे. चीन वर्षाला सुमारे शंभर कोटी टन पोलाद तयार करतो, म्हणजे जगाच्या निम्म्याहून अधिक. तिथला घरबांधणीचा धंदा बसला, तेव्हा उरलेला माल मिळेल त्या भावाने बाहेर काढणे सुरू झाले. २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांवर पोलाद परदेशी पाठवले. शिवाय दक्षिण कोरिया आणि जपानशी आपले व्यापार करार अनुक्रमे २०१० व २०११ पासून लागू आहेत, त्यामुळे तिकडचे पोलाद सीमाशुल्काविना येते. हे करार काही चीनने आपल्यावर लादले नव्हते. खाउजा धोरणाचे गोडवे गाणाऱ्या दिल्लीकरांनीच ते केले आणि त्या वेळी टाळ्या वाजवणारे आज संरक्षण द्या म्हणून रडत आहेत.

संरक्षण मिळालेही. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर, म्हणजे पत्रा, प्लेट आणि कॉइल यांवर, १२ टक्के तात्पुरते सुरक्षा शुल्क बसले आणि वर्षअखेर ते तीन वर्षांसाठी कायम झाले. पहिल्या वर्षी १२, मग ११.५, मग ११ टक्के. हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. २०१५-१६ मध्ये आयात ११७ लाख टनांवर गेली तेव्हाही सप्टेंबर २०१५ मध्ये सुरक्षा शुल्क आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये किमान आयात किंमत आली होती. खुल्या बाजाराचे तत्त्वज्ञान कामगाराला सांगायचे असते. मोठ्या कारखानदाराला ते लागू होत नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. देशात खपणाऱ्या शंभर किलो पोलादात आयातीचा वाटा जेमतेम सहा किलो आहे. मग सहा किलोसाठी एवढा गदारोळ का? कारण बाकीच्या ९४ किलोंचा भाव हे सहा किलो ठरवतात. देशी कारखानदार आपला दर बंदरात उतरलेल्या मालाच्या किमतीकडे पाहून लावतो. बंदरावर शुल्क बसले की देशात तयार झालेल्या, एक रुपयाही शुल्क न भरलेल्या पत्र्याचा भाव चढवायला वाव मिळतो. तो वाढीव पैसा सरकारी तिजोरीत जात नाही.

आणि भरतो कोण? घरकुलाच्या सळईवर हे शुल्क नाही, हे मान्य केले पाहिजे. पण कपाटे, पेट्या, पत्र्याची शेड, मोटारीचे सुटे भाग तयार करणारा एमआयडीसीतला लहान कारखाना पत्र्यावरच चालतो. शेकडो कोटींचा कारखानदार दिल्लीत अर्ज करू शकतो. दहा कामगारांच्या वर्कशॉपवाल्याची तिथे संघटना नाही. तिथे कच्चा माल महागला की आधी मजुरी अडते. बाबासाहेबांनी १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे हेच तर मांडले होते. रुपयाचा दर पाडल्याने व्यापारी वर्गाला होणारा नफा हा देशाचा नफा नसून तो मजुरी कमावणाऱ्यांच्या खिशातून येतो, असा त्यांचा मुद्दा होता.

म्हणून आयात मोकाट सोडा असे आमचे म्हणणे नाही. तसे झाले तर भट्ट्या विझतील आणि पहिला बेकार होईल तो कंत्राटी कामगारच. प्रश्न आहे तो संरक्षणाच्या बदल्यात समाजाने काय घ्यायचे हा. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी १९४७ सालीच केली. भिलाई, राऊरकेला, दुर्गापूर, बोकारो येथील कारखाने राज्याच्या मालकीचे असल्यामुळेच तिथे १५ आणि साडेसात टक्क्यांचे आरक्षण लागू झाले आणि आपल्या कितीतरी घरांत पहिला पगार, पहिले क्वार्टर, पहिला इंजिनिअर आला. आज 'सेल'चे मनुष्यबळ साठ हजारांच्या आत आले आहे. नव्वदच्या दशकात ते दीड लाखांहून अधिक होते. उत्पादन मात्र वाढले. मधली जागा कंत्राटदाराने भरली आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली नसते.

खाजगी पोलाद कंपन्यांना तर आरक्षणाचे बंधनच नाही. त्यांना जनतेच्या खिशातून संरक्षण, सरकारी खाणी, सरकारी जमीन हवी. त्या जमिनीवरून उठलेल्या आदिवासीला कायम नोकरी देताना मात्र गुणवत्ता आठवते.

विशाखापट्टणमच्या राष्ट्रीय इस्पात निगमचे उदाहरण घ्या. स्वतःची लोहखनिजाची खाण या सरकारी कारखान्याला कधी दिलीच नाही. बाजारभावाने खनिज घ्यायला लावले, तोटा झाला, आणि २७ जानेवारी २०२१ रोजी शंभर टक्के विक्रीचा निर्णय झाला. कामगारांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे जानेवारी २०२५ मध्ये ११,४४० कोटींचे पॅकेज आले. पण ते आल्यानंतरही कंत्राटी कामगारांना कमी करणे थांबले नाही. तिकडे बस्तरमधील नगरनारचा नवा कारखाना ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, पण त्याच्या निर्गुंतवणुकीला तत्त्वतः मान्यता त्यापूर्वीच, २०१६ साली, देऊन ठेवली होती.

सुरक्षा शुल्काची तीन वर्षे चालू आहेत. या काळात खाजगी पोलाद कंपन्यांनी किती अनुसूचित जाती-जमातींचे कायम कामगार घेतले, याचा हिशेब संसदेतील आपल्या खासदारांनी प्रत्येक अधिवेशनात मागावा. राखीव जागांवरून निवडून गेलेल्यांनी तर नक्कीच.