खर्च कोण करणार?

डिचोलीत कुणालाही ‘आम्ही दोघं लिस्बनला जाणार आहोत’ असं सांगून पाहा. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘नोंदणीला?’ १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना जन्माची नोंद करून पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे ‘नुसतं फिरायला’ म्हटलं की समोरचा गालातल्या गालात हसतो. भारताचं नागरिकत्व सोडायचा आमचा विचार नाही, हे सुरुवातीला मी सांगून पाहिलं. आता सांगत नाही.

नवरा-बायकोनं काही कारण नसताना जोडीनं परदेशी जायचं, हेच आमच्या भागाला नवं. परदेश म्हणजे गल्फ, नाही तर बोट. दोन्हीकडे पुरुष एकटा जायचा. माझ्या माहेरी, पेडण्यातल्या कोरगावात, मस्कत-बहारीनची नावं वाड्यावरच्या बायकांना तोंडपाठ होती. डोळ्यांनी ती गावं एकीनंही पाहिली नव्हती. आता मोपाच्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात. भाऊ म्हणतो, रोज बघून बघून आता मान वर करावीशीही वाटत नाही.

आमचं जाणं इतकी वर्षं रखडलं ते खाणींमुळे. ह्यांचे ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पहिला बेत बारगळला. पुढे खाणी सुरू झाल्या, आम्ही पुन्हा नकाशे काढून बसलो, तर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये खनिज काढणं थांबलं. दारात उभ्या ट्रकचा हप्ता चालू असताना सिंत्राचे राजवाडे कुणाला सुचणार? शेवटी ट्रक मिळेल त्या भावानं विकले आणि बाजाराजवळच्या जागेत गाळे बांधून भाड्यानं दिले.

पैशांचं जमलं, तर दिवस जमेनात. हे लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत करणारे भक्त. वैशाखात शिरगावच्या जत्रेआधी व्रत असतं. त्या दिवसांत विमान राहू द्या, ते घरात जेवतसुद्धा नाहीत. त्याआधी काजू. चवथीला गोव्याबाहेर राहायचं तर गणपतीवरची माटोळी कोण बांधणार? मग म्हाळ, नवरात्र, कोजागिरीला पेडण्याची पुनव, तुळशीचं लग्न, गावची जत्रा. सगळं वजा करून जानेवारीतले काही दिवस उरले. तेव्हा लिस्बनला पाऊस असतो, असं मुलगी काळजीनं म्हणाली. डिचोलीच्या माणसाला पावसाची भीती घालते!

व्हिसाची यादी लांबलचक. माणशी ९० युरो शुल्क, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, आयकराचे कागद. शिवाय लग्नाचा दाखला, कारण माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. अर्ज भरून देणाऱ्या मुलानं माझ्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं आणि ‘खर्च कोण करणार’ या रकान्यात, मला न विचारता, पतीवर खूण केली. मी म्हटलं, खोड ते.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्या की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा. १९६१ च्या आयकर कायद्यातही त्यासाठी खास ५-अ कलम आलं: पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं धरायचं. त्यामुळे पूर्वी ट्रकच्या नफ्याचा आणि आता भाड्याचा अर्धा भाग माझ्या नावावर दाखवला जातो. सीए सही मागतो, मी करते. या कायद्याचं कौतुक मी बेतानंच करते. मालकी निम्मी असली तरी कारभार त्यानं नवऱ्याकडेच ठेवलाय. घर-जमीन विकायची झाली, की मग बायकोची सही आठवते. पण त्या रकान्यापुरता तो माझ्या उपयोगी पडला. मी माझी रिटर्न्स पुढे ठेवली. मुलानं ती उलटसुलट पाहिली आणि खूण बदलली. पोर्तुगिजांचाच कायदा पोर्तुगिजांच्याच व्हिसाला लावला, याची गंमत मला घरी येईपर्यंत पुरली.

हे मात्र गप्प होते. पुलावर म्हणाले, ‘म्हणजे निम्मे पैसे तुझे?’

‘आणि निम्मे दिवसही,’ मी म्हटलं.

ह्यांना थोड्या दिवसांत पाच-सहा देश करायचेत, बसमधून. मला लिस्बनमध्येच राहायचंय. ट्राममधून हिंडायचं, बेलेंच्या मठात वास्को द गामाची कबर बघायची. ‘त्याला कशाला नमस्कार?’ हे म्हणतात. नमस्कार कोण करतंय, नुसतं बघायचंय. हा वाद रात्री जेवताना रोज व्हायचा. तो शेंगेनच्या नियमानं मिटवला: ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. अर्ज तर पोर्तुगालचा भरून झालाय. उरलेल्या रात्रींत मी ह्यांना पॅरिस दिलंय. बसचं तिकीट त्यांनी त्यांच्या वाट्यातून काढावं.