चार मीटरच्या आत मावलेली हौस

पुण्या-मुंबईतील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळावर सायंकाळी नजर टाकली, तर गेल्या वीस वर्षांत मध्यमवर्गाची आवड किती बदलली हे वेगळे सांगावे लागत नाही. उंच बांध्याच्या, चौकोनी नाकाच्या, चाकांच्या कमानींवर काळे प्लॅस्टिक मिरवणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. त्यांच्या मध्ये एखादी बुटकी, लांब डिकीची सेडान अंग चोरून उभी असते. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या आणि त्यांतील जवळपास ६५ टक्के गाड्या ‘युटिलिटी’ वर्गातील होत्या. ज्या समाजाने अॅम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या बाकावर चार चार माणसे दाटीवाटीने बसवून पंढरपूर-तुळजापूर केले, त्याने आता सेडानकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे.

हा केवळ अभिरुचीचा बदल असता, तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी मोटारीची असते. पाच-सात वर्षांचे हप्ते मानेवर घेऊन ती केली जाते. अशा खरेदीत जे विकत घेतले जाते ते नेमके काय आहे, हे तपासायला हवे. मोटारींचे जे खरे शौकीन आहेत, ज्यांना इंजिनाच्या आवाजावरून गाडीचा आजार ओळखता येतो, त्यांची या बाबतीतील तक्रार ऐकण्याजोगी आहे. ‘एसयूव्ही’ म्हणून जे विकले जाते त्यातील बहुतांश माल एसयूव्ही नव्हेच, असे ते म्हणतात आणि ते खरे आहे.

मूळची एसयूव्ही म्हणजे शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर वेगळे शरीर चढवलेली, दगडधोंड्यांतून जाण्यासाठी बनवलेली गाडी. महिंद्रांची बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार, तसेच टोयोटाची फॉर्च्युनर या त्या वंशातील. बाकीच्या साऱ्या क्रॉसओव्हर. म्हणजे साध्या मोटारीचाच एकसंध सांगाडा घ्यायचा, तो थोडा उचलायचा, चाके मोठी लावायची आणि चेहरा रागीट करायचा. त्यात गैर काही नाही. नाशिकचा जुना वाडा पाडून त्या जागी इमारत बांधली आणि तिला ‘वाडा’ हेच नाव ठेवले, तर त्यात राहणाऱ्यांची गैरसोय होत नाही. फक्त चौक मिळेल अशी अपेक्षा त्यांनी ठेवू नये.

याचे उत्तम उदाहरण चाकणलाच घडते. स्कोडाची कुशाक ही क्रॉसओव्हर २०२१ मध्ये आली आणि स्लाव्हिया ही सेडान २०२२ मध्ये. दोन्हींचा सांगाडा एक, इंजिने तीच, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर एकच. म्हणजे एका आईची दोन लेकरे. कुशाकचे पोट जमिनीपासून १८८ मिलिमीटर उंच आणि स्लाव्हियाचे १७९. फरक अवघा ९ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढाही नाही. मात्र डिकीचा हिशेब पाहावा. कुशाकमध्ये ३८५ लिटर, स्लाव्हियात ५२१. लग्नकार्याला निघालेल्या कुटुंबाच्या दोन मोठ्या बॅगा, फराळाचे डबे आणि आजीची वळकटी कोणत्या गाडीत सुखाने मावेल, हे सांगायला अभियंता लागत नाही. सेडान बुटकी असल्याने तिचा गुरुत्वमध्य खाली राहतो, त्यामुळे खंबाटकीच्या वळणावर ती कमी झुकते. वाऱ्याला कमी आडवी येते म्हणून महामार्गावर इंधनही कमी पिते. सुरक्षेच्या चाचणीत दोघींनाही पाच तारे आहेत. तरीही दालनात आलेला ग्राहक उंच गाडीकडेच वळतो.

त्याला मूर्ख ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. उंच बसण्याची ओढ उगीच निर्माण झालेली नाही. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना सेडानमध्ये ‘उतरावे’ लागते, क्रॉसओव्हरमध्ये ‘बसता’ येते. हा फरक ज्याच्या घरी सत्तरीची माणसे आहेत त्यालाच कळतो. शिवाय आपल्याकडचे गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसने त्यांच्या मापाचे नियम केलेले आहेत, परंतु गल्लीतील गतिरोधक नगरसेवकाच्या उत्साहाच्या मापाने बांधला जातो. पाच माणसे बसवलेली सेडान त्यावर पोट घासते तेव्हा मालकाच्या काळजात जे होते, त्याचा उंच गाड्यांच्या खपात मोठा वाटा आहे. रस्ते नीट झाले असते तर ही वरची उंची ग्राहकाला स्वतःच्या खिशातून विकत घ्यावी लागली नसती.

पण बाजारातल्या गाड्यांचे रूप रस्त्यांपेक्षाही अधिक कोणी घडवले असेल तर ते अर्थखात्याने. २००६ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी कोणती? जिची लांबी ४ मीटरच्या आत आहे आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत आहे ती. हेतू चांगला होता. इंधन वाचावे आणि भारत छोट्या मोटारींच्या निर्मितीचे केंद्र व्हावे. परंतु कायदा सुतळीने माप घेऊ लागला की कारागीर कापड सुतळीएवढेच कापतो. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो या सेडानची डिकी छाटून ‘इंडिगो सीएस’ आणली. २०१२ मध्ये मारुतीने डिझायरला तीच कात्री लावली. शौकिनांनी या आखूड डिक्यांची मनसोक्त टवाळी केली, ग्राहकांनी मात्र त्या उचलून धरल्या. डिझायर आजही खपाच्या यादीत वरच्या ओळींत असते. पुढे २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये व्हिटारा ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन अशी चार मीटरच्या आतील क्रॉसओव्हरांची रांगच लागली. २०२३ मध्ये थारलाही १५०० सीसीचे डिझेल इंजिन मिळाले. लांबी मापात होतीच, इंजिन मापात बसवले.

या नियमातील विसंगती अशी की लांबीवर बंधन आहे, रुंदीवर नाही, उंचीवर नाही आणि वजनावरही नाही. मारुती ८०० ची रुंदी १४४ सेंटीमीटर होती. नेक्सॉनची सुमारे १८०, म्हणजे चांगली दीड वीत अधिक. सदाशिव पेठेतील गल्ल्या मात्र पेशव्यांनी आखल्या तेवढ्याच आहेत. लांबी वाढवता येत नाही म्हणून गाडी आडवी आणि उभी वाढली, जड झाली आणि कायद्याच्या दृष्टीने ‘छोटी’च राहिली.

वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेने हे कमी झाले, असे कोणाला वाटत असेल तर त्याने हिशेब करून पाहावा. २००६ मध्ये छोट्या-मोठ्यांतील करफरक ८ टक्क्यांचा होता. जुन्या जीएसटीत उपकरासह छोट्या पेट्रोल गाडीवर २९ टक्के आणि १५०० सीसीपर्यंतच्या मध्यम गाडीवर ४५ टक्के, म्हणजे फरक १६ चा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के. फरक २२ चा. कर उतरले ही स्वागतार्ह गोष्ट आहे आणि पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा खरा लाभ झाला. पण ३९९ सेंटीमीटर आणि ४०१ सेंटीमीटर यांच्यातील भिंत पूर्वीपेक्षा उंच झाली. ऐसपैस, कमी इंधन पिणारी लांब सेडान त्या भिंतीपलीकडे चैनीच्या वस्तूंत जाऊन पडते. मारुतीने सियाझचे उत्पादन २०२५ मध्ये थांबवले. होंडा सिव्हिक आणि टोयोटाची कोरोला २०२० मध्येच गेल्या. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जिची जुळणी होत असे, त्या ऑक्टाव्हियाच्या आठवणी काढणारे शौकीन मराठवाड्यात आजही भेटतात.

कर लावायचाच तर तो इंधनाच्या वापरावर किंवा वजनावर लावावा. फ्रान्सने २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरील वजनाच्या मोटारींवर अधिभार लावला आहे. अभियंत्याला मोकळीक मिळाली तर तो हलकी आणि काटकसरी गाडी बनवेल, मग ती ३८० सेंटीमीटरची असो की ४४० ची. विजेच्या मोटारींच्या बाबतीत ही मोकळीक आधीच आहे. त्यांच्यावर सरसकट ५ टक्के कर आहे आणि लांबीची अट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रांनी सादर केलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांच्या धीट रेषांमागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण मानायला हरकत नाही.

भारतीय अभियंत्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे दिवस तर कधीच सरले. १९९८ मध्ये इंडिका आली तेव्हा ट्रक बनवणाऱ्यांना मोटार काय जमणार म्हणून नाके मुरडली गेली होती. २००२ मध्ये महिंद्रांची स्कॉर्पिओ आली तेव्हाही तेच. २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या मोटारीला मिळालेला हा पहिलाच मान. त्याआधी सुरक्षितता विकली जात नाही, मायलेज विकले जाते, असे खुद्द उद्योगातले लोक बोलत. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशाची स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली. २०२४ मध्ये टाटांची पंच ही देशातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. तो मान मारुतीकडून चाळीस वर्षांनी प्रथमच गेला.

म्हणूनच याच कंपन्यांच्या काही गोष्टी अधिक खटकतात. १९९८ ची सफारी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या रूपात मिळत असे. २०२१ ची सफारी लँड रोव्हरच्या सांगाड्यावरून बेतलेली आहे, आतून देखणी आहे, पण शक्ती केवळ पुढच्या चाकांना. सियारा हे १९९१ चे नावही नोव्हेंबर २०२५ मध्ये परतले. मागच्या वळणदार काचेची आठवण तिच्यात राखली आहे, ते लोभस आहे. परंतु नाव आणि काच परत आणणे सोपे, गुण परत आणायला खर्च येतो. आणि सनरूफ! जिथे वैशाखात गाडीचे पत्रे हात लावू देत नाहीत, तिथे छताला काच लावण्यासाठी लोक लाखभर रुपये जास्त मोजतात. मग त्यातून मुलांना उभे करून, वर तोंड काढून, द्रुतगती महामार्गावर गाडी पळवतात. एअरबॅग पट्टा बांधून बसलेल्या माणसासाठी असते, छतातून अर्धे बाहेर आलेल्या पोरासाठी नव्हे. उंच गाडी म्हणजे सुरक्षित गाडी ही समजूतही तशीच घातक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अंत झाला तो महागड्या, भक्कम एसयूव्हीत. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा बांधलेला नव्हता.

शौकिनांच्या गप्पांत एका वाहनाला मात्र क्वचितच जागा मिळते, ते म्हणजे मालमोटार. वास्तविक या देशाच्या मोटारउद्योगाचा पाया तिनेच घातला. १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. पुढे सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली पुण्याचा कारखाना उभा राहिला. सुमो हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून आलेले. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ आली. इंडिकाचे चार सिलिंडरचे इंजिन जणू अर्धे कापून ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे केले आणि त्यावर छोटी मालगाडी उभी केली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. कोणत्याही क्रॉसओव्हरपेक्षा या गाडीने अधिक घरांत चूल पेटवली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण ती चालवणाऱ्याकडे पाहायला सर्वांनाच उशीर झाला. मोठ्या मालमोटारीचे इंजिन चालकाच्या पायाशीच तापत असते. उन्हाळ्यात बारा-चौदा तास त्या भट्टीत बसून माणूस कासाऱ्याचा घाट उतरतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये घातली की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पायथ्याशी येईपर्यंत निकामी होतात. पुण्याच्या नवले पुलाचा उतार अशा अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला आहे. दमलेल्या, घामाने निथळलेल्या माणसाकडून सावध निर्णयांची अपेक्षा करणे व्यर्थ होते. चालकाच्या कक्षात वातानुकूलन असावे असे सुचवले की खर्च वाढेल म्हणून आक्षेप घेतले जात, हे नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. मोटारीच्या छतातील काचेच्या खर्चाविषयी असा आक्षेप कधी कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. अखेर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अधिसूचना निघाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, मालासह साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींत वातानुकूलित चालककक्ष अनिवार्य झाला.

त्याआधी बनलेल्या लक्षावधी गाड्यांना हा नियम लागू नाही. साडेतीन टनांच्या आतील वाहनेही त्यातून सुटली आहेत. नारायणगावचे टोमॅटो लादून पहाटे वाशीच्या बाजारात पोचणारी पिकअप आणि गल्लीबोळांत सिलिंडर पोचवणारा छोटा हत्ती, दोन्ही नियमाबाहेर. त्यांचे चालक अजून ओला पंचा मानेवर टाकून आणि दोन्ही काचा खाली करूनच माळशेजचा आणि नाशिकचा रस्ता कापतात.